पान नऊवरचा इशारा

सदाशिव पेठ, पुणे ३०
१८ जानेवारी २००४

आदरणीय शालनआत्यास,
दीपमालाचा सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मी नुसती हं हं करते, निदान पत्रात तरी बोलत जा, असं लिहिलंस म्हणून आज बोलते. खोली बरी आहे. मालकीणकाकूंनी जिन्यात पाटी लावली आहे, ‘चपला बाहेर. आवाजही बाहेर.’ त्यामुळे हे पत्रसुद्धा मी हळू आवाजात लिहिते आहे.

तू दर वेळी विचारतेस, तुझं नेमकं काम काय? मशीन तू बनवत नाहीस, विकत नाहीस, दुरुस्तही करत नाहीस. तर आत्या, दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनसोबत जे पुस्तक येतं आणि जे सगळे कपाटावर टाकून देतात, ते मी लिहिते. आता ही पुस्तकं एक्सएमएलमध्ये करतात. म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावायची. हे प्रकरणाचं नाव, ही पायरी, हा इशारा. कुठली खूण कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, याचे नियम एका फाइलमध्ये असतात. तिला स्कीमा म्हणतात. तुम्हा नर्सच्या ड्रेसिंगच्या ट्रेसारखं समज, कात्री कुठे, चिमटा कुठे, बोळे कुठे, सगळं ठरलेलं. नियम मोडला की कॉम्प्युटर लाल अक्षरांत ओरडतो आणि पुस्तक छापायला जातच नाही.

आमचा जुना स्कीमा पाच वर्षांपूर्वीचा, त्यात काहीही कुठेही चालायचं. नवा निवडायला बैठक झाली. एक पर्याय परदेशातून तयार मिळणारा, शेकडो खुणांचा. दुसरा आपणच बनवायचा, छोटा, साठ खुणांचा, सुटसुटीत. मी छोट्याच्या बाजूने अर्धा तास बोलले. इंग्रजीत, न अडखळता! आमचे साहेब रामदास सर म्हणाले, “ठीक आहे, बनवा. नाव तुमचं लागेल. बोटही तुमच्याकडेच येईल.” पुण्यात याला कौतुक म्हणतात.

जुनी आठ पुस्तकं नव्यात बसवताना थोडी कटकट झाली, पण सोमवारी शेवटच्या पुस्तकालाही हिरवी खूण मिळाली. त्यातलं एक वाफेवर निर्जंतुक करायच्या मशीनचं आहे, मराठीतलं. तुमच्या रुग्णालयाला येणार आहे म्हणालीस ना, ते हेच. मागच्या पानावर बारीक अक्षरांत माझं नाव शोध. बाबा असते तर भिंग घेऊन बसले असते.

तुझी,
दीपमाला


पिंपळझरी
९ मार्च २००४

चि. दीपमालास,
सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. ट्रेचं कळलं. साठ खुणांचं कळलं नाही, पण तू इंग्रजीत अर्धा तास बोललीस हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बरं.

मशीन आलं. जुनंही त्याच कंपनीचं होतं, नवं अंगाने मोठं आहे आणि चकाकतं फार. मी आधी मागचं पान उघडलं. तुझं नाव भिंगाशिवाय दिसलं. दुपारी ओपीडी संपल्यावर सगळ्यांना दाखवलं. हसू नको, तुझ्या बापाला दहावीचं पुस्तक मी बांधून दिलेलं आहे, माझा हक्क आहे.

निर्जंतुकीकरणाची खोली मैनाकडे असते. पंधरा वर्षं रोजंदारीवर आहे, पुढच्या वर्षी कायम करायच्या यादीत तिचं नाव आहे. वाचता येत नाही. म्हणून आमची एक पद्धत आहे. मी एक पायरी मोठ्याने वाचायची, तिने ती हाताने करायची, मग मी पुढची वाचायची. असं आठवडाभर केलं की तिला पाठ. जुनं पुस्तक तिला पूर्णविरामांसकट येत होतं. एकही भांडं कधी कच्चं निघालं नाही.

नव्याच्या वेळी एक गंमत झाली. सहावी पायरी, वाफ सोडायची झडप उघडा. सातवी, चाक फिरवून दार उघडा. सहावी केली आणि बाई उभीच. म्हटलं, काय गं? म्हणे, “इथं थांबा होतं ना जी, बाई. काटा शून्यावर येईस्तोवर दार नाई उघडाचं.” जुन्यात होतं खरं, पायऱ्यांच्या मधोमध, जाड चौकटीत. नव्यात नाही. मला वाटलं, नव्या मशीनचं दार आपोआप अडत असेल, म्हणून काढलं असेल. तिला म्हटलं, हे पुस्तक माझ्या भाचीने लिहिलंय, तू तिच्याहून शहाणी का? सगळे हसले. मैनाही हसली.

एवढं मात्र कळव, नव्याला थांबावं लागत नाही ना? म्हणजे माझी खात्री होईल. बाकी जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आत्या,
शालन


पुणे ३०
२० एप्रिल २००४

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम.

इतक्या उशिरा लिहायची लाज वाटते. मार्चअखेर ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आता एक बातमी देते. मला टीमची लीड केलं! आमचा तेजस, जो कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो, तो आता मला ‘मॅडम’ म्हणून चिडवतो. काकूंना पेढे दिले तर म्हणाल्या, “अरे वा, म्हणजे आता आणखी उशिरा येणार.” उन्हाळा इथेही आहे, पण तुमच्यासारखा नाही. संध्याकाळी पर्वतीकडून वारा येतो. नवा पंखा घेतला आहे. जेवण व्यवस्थित आहे, काळजी करू नकोस.

तू विचारलंस त्याबद्दल. मशीनच्या रचनेविषयी मला नेमकं सांगता येणार नाही, ते कंपनीचे इंजिनियर ठरवतात. पुस्तकात दिलं आहे त्याप्रमाणे करत राहावं.

मैनाबाईंना नमस्कार सांग. दिवाळीत येतेच आहे.

तुझी,
दीपमाला

ता. क. पुस्तकाची सुरुवातीची पानंही कधी सवडीने वाचून घे, पान नऊ वगैरे. तिथेही उपयोगाची माहिती आहे.


पिंपळझरी
१४ जून २००४

चि. दीपमालास,
जयभीम.

२ जूनला सकाळी दहाच्या सुमारास मैना भाजली. वाफेने. झडप उघडली, चाक फिरवलं, दार उघडताच आतली वाफ अंगावर आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि मानेची उजवी बाजू. मी शेजारच्या वॉर्डात होते. तिचा आवाज आला नाही, भांडी पडल्याचा आला.

जिल्ह्याला नेलं. जीव वाचला. दोन बोटं वाकडी राहतील म्हणतात.

आधी रोज दोन-चार वस्तूंचा छोटा फेरा असायचा, वाफ कमी, तेवढ्यात निघून जायची. त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या सामानाने भरलेले तीन मोठे ड्रम लावले होते. दार काही आपोआप अडत नाही.

चौकशी लागली आहे. मी अहवाल दिला. कर्मचाऱ्यास पुस्तिका वेळोवेळी वाचून दाखवली होती, आणि पुस्तिकेत पान नऊवर स्पष्ट इशारा आहे, असं लिहिलं. पान नऊ मी त्या दिवशी दुपारी पाहिलं. चौदा इशाऱ्यांच्या यादीत अकरावा आहे. तू एप्रिलमध्ये सांगितलं होतंस, मीच वाचलं नाही. पण आहे हे महत्त्वाचं. तुझ्या पुस्तकावर काही येणार नाही, निर्धास्त राहा. मी लिहिलं त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

समिती म्हणते, निष्काळजीपणा. तसा शेरा पडला तर मैनाचं नाव यादीतून जाईल आणि रोजंदारीही जाईल. ऑगस्टात शेवटची सुनावणी आहे. मी काल तिला भेटायला गेले. विचारलं, का गं उघडलंस दार? आणि उत्तर यायच्या आत मी तिच्या तापाचा तक्ता वाचत बसले. ज्या वॉर्डाचा मी तक्ता वाचत होते तो वॉर्डही माझा नव्हता.

पत्र पाठव.

आत्या


पुणे ३०
१९ जुलै २००४

आत्या,

तुझ्या पत्राला पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी तुला चार पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात मैनाबाईंची चौकशी होती आणि एकातही खरं नव्हतं. हे पाठवते आहे.

माझं पुस्तक निर्दोष नाही. इशारा हरवला नाही, मी तो हलवला.

नवा स्कीमा बनवताना मी नियम केला, की इशारे फक्त प्रकरणाच्या सुरुवातीला येतील. सगळे एका जागी असले की पुस्तक नीटनेटकं दिसतं, एवढंच माझं कारण. जुनी पुस्तकं त्यात घातली तेव्हा तीनशे बारा ठिकाणी कॉम्प्युटर लाल झाला, ‘इशारा इथे चालत नाही’. मी जिला जानेवारीत थोडी कटकट म्हटलं ती ही. उपाय एका ओळीचा होता. पायऱ्यांच्या मध्येही इशारा चालेल, एवढी एक ओळ स्कीमात घालायची. परदेशी स्कीमात ती सोय पहिल्या दिवसापासून होती. पण ओळ घातली असती तर आठही पुस्तकं पुन्हा तपासून ग्राहकांच्या सह्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि बैठकीत अर्धा तास बोलणाऱ्या बाईचा स्कीमा दुसऱ्याच आठवड्यात बदलावा लागला, हे सगळ्यांना कळलं असतं. मी तेजसला सांगितलं, मधले सगळे इशारे उचल आणि प्रकरणाच्या सुरुवातीला नेऊन ठेव. तो म्हणाला, “अगं, पण वाचणाऱ्याला तिथं ते सापडेल का?” मी म्हटलं, “व्हॅलिड होतंय ना, हिरवी खूण येतेय ना? मग झालं.” तीनशे बारा इशारे एका दुपारी हलले. मी त्यातला एकही वाचला नाही.

आता याहून वाईट. तुझं मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. ‘इथं थांबा होतं ना’ हे वाक्य वाचताच. मैनाबाई जे विचारत होत्या ते माझ्या ऑफिसात मला कोणीही विचारलं नव्हतं. मला त्याच दिवशी एसटीडीवरून डॉक्टरांना फोन करता आला असता. ‘थांबावं लागतं’ एवढे दोन शब्द. पण मग तू विचारलं असतंस, पुस्तकात का नाही? म्हणून मी सहा आठवडे गप्प बसले आणि मग पंख्याबद्दल लिहिलं. इशारा ता. क.मध्ये घातला, ‘पान नऊ वगैरे’. मला तो तुला सांगायचा नव्हता आत्या, सांगितल्याची नोंद ठेवायची होती. वगैरे या शब्दाची मला इतकी लाज वाटते की तो कुठे छापलेला दिसला तरी मी नजर फिरवते.

गेल्या आठवड्यात मी वाघोलीला गेले. मशीनच्या कंपनीची शेड तिथे आहे. हिंमतराव म्हणून जुने फिटर आहेत, त्यांना विचारलं, दार आपोआप अडतं का? ते म्हणाले, “दाराला काय डोकं हाय का, मॅडम? थांबायचं माणसानंच. पुस्तकात होतं की मधी, चौकटीत. काढलं व्हय तुम्ही?” मी हो म्हटलं. त्यांनी मला बसायला खुर्ची पुसून दिली. ती खुर्ची मला फार लागली.

रामदास सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पान नऊवर आहे ना? मग वाचायचं होतं त्यांनी.” मी म्हटलं, मला हे समितीला लेखी कळवायचं आहे. त्यांनी चष्मा काढला. “आपण फार थोर आहात. पण लेटरहेड आपल्या कंपनीचं आहे, ते थोरपणासाठी वापरू नका.” म्हणून साध्या कागदावर लिहिलं. जुन्या पुस्तकाचं पान आणि नव्या पुस्तकाचं पान शेजारी शेजारी जोडलं. इशारा कुठे होता, कुणी हलवला, का हलवला, हे लिहून खाली सही केली. मशीनच्या कंपनीलाही एक प्रत दिली. लीडचं पद गेलं आहे. नोकरी या महिन्याअखेर जाईल असं दिसतं. स्कीमात मात्र ती ओळ मी काल घातली. आता आठही पुस्तकं पुन्हा वाचते आहे, या वेळी एकेक इशारा मोठ्याने. काकूंनी दार वाजवून विचारलं, “कुणाला दटावताय?”

समितीला पत्र थेट रजिस्टरने पाठवलं आहे. तुझ्या हातात दिलं असतं तर द्यायचं की नाही हे तुला ठरवावं लागलं असतं. ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही. सोबत प्रत आहे.

एक विचारू? तुझ्या अहवालात मैनाबाई सहावीनंतर थांबल्या होत्या, हे आहे का?

दीपमाला


पिंपळझरी
२२ ऑगस्ट २००४

चि. दीपमालास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि पहिले दोन दिवस मला तुझा इतका राग आला की पेटीत टाकून कुलूप लावलं. हात मैनाचा भाजला म्हणून राग आला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण तुझी शेवटची ओळ होती.

नव्हतं. माझ्या अहवालात ते नव्हतं. अक्षर खोटं नाही असं मी तुला ठासून लिहिलं, कारण जे खरं ते मी लिहिलंच नव्हतं. ती थांबली होती. मी तिला चारचौघांत हसून पुढे ढकललं. एकदाच नाही. त्यानंतरही तीन-चार वेळा ती सहावीनंतर घुटमळली, मी नुसतं ‘हं’ म्हटलं आणि तिने चाक फिरवलं. तुझ्या उत्तराची वाट पाहायला हवी होती. ती पाहिली नाही आणि उत्तर आलं तेव्हा पंख्याचं वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. एकतीस वर्षं नोकरी झाली, काटा शून्यावर आल्याशिवाय दार उघडायचं नाही हे मला पुस्तकाने सांगायला हवं होतं का? भाचीच्या नावाने माझे डोळे दिपले. ही गोष्ट मी कुणाला सांगणार होते? दोन वर्षांनी निवृत्त होताना हार घालून घेतला असता आणि घरी गेले असते.

सुनावणीला तुझं पत्र समितीपुढे होतं. अध्यक्षांनी दोन्ही पानं बघितली आणि म्हणाले, सिस्टर, तुमचं काय म्हणणं? मी उभी राहिले. रुग्णालयाचा शिपाईही दारात ऐकत होता, तरी बोलायची थांबले नाही. सगळं सांगितलं. हसण्याचंसुद्धा सांगितलं.  मैनाला आत बोलावलंच नव्हतं, ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, हात गळ्यात बांधलेला. बाहेर पडताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, धीर झाला नाही.

निकाल परवा आला. तिच्यावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढला. यादीत नाव राहिलं. हात पूर्ण चालेपर्यंत नोंदणीच्या खिडकीशी बसवणार आहेत. माझ्या सेवापुस्तकात ताकीद लागली, लागायलाच हवी होती. मशीनच्या कंपनीने एक जाड पत्रा पाठवला आहे, मशीनवरच ठोकायला, त्यावर लाल हात काढला आहे. तो वाचता येत नसला तरी कळतो. तुझ्या पुस्तकाची नवी पानं अजून आली नाहीत. तुझी नोकरी गेली असेल तर गेली. इथे ये, चार दिवस राहा, मग बघू.

आता मुख्य सांगते. निकालानंतर मी मैनाच्या घरी गेले. तुझं पत्र नेलं होतं. माफी माझ्या तोंडाने मागता येईना, म्हणून म्हटलं, भाचीचं पत्र आलंय, वाचून दाखवते. पहिल्यापासून वाचलं. तीनशे बाराचं वाचलं, पंख्याचं वाचलं. मग माझं मी सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान दार तरी दाखवेल. मी तयारीनेच गेले होते. तू तिथे असतीस तर तुझीही तीच तयारी असती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “म्हंजे माह्यं थांबणं बरोबर होतं, बाई?”

मी म्हटलं, बरोबर होतं.

तिला वाटत होतं, चूक तिचीच. जुन्या पुस्तकातही ‘थांबा’ नव्हतंच, आपणच कुठून तरी मनाने घातलं, आणि आपल्या डोक्यात काही राहत नाही म्हणून हात भाजला. अडीच महिने ती हेच धरून बसली होती. आपण दोघी आपापली अब्रू झाकत होतो, आणि ती पलंगावर पडून स्वतःलाच मूर्ख म्हणत होती. भाजली त्या दिवशी ती रडली नव्हती. पट्ट्या सोडताना कातडी निघायची तेव्हाही नाही. हे ऐकून मात्र पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता शेजारणीला हाक मारून म्हणाली, “आयकलं का, हिरा? माह्यं बरोबर होतं.”

आत्या